तुमचा फोटो ऐकायला कसा वाटतो? ऑल्ट टेक्स्टबद्दल, सोप्या भाषेत

काही फोटोंच्या कोपऱ्यात छोट्या अक्षरात 'ऑल्ट' असं लिहिलेलं दिसतं. त्यावर बोट ठेवलं की एक चौकट उघडते आणि फोटोत जे दिसतंय तेच आत परत शब्दांत लिहिलेलं असतं. मला दोघा-तिघांनी विचारलं की अगं हे काय नवीन, फोटो समोर दिसतोय तर परत लिहायचं कशाला. तर ज्यांना तो दिसत नाही त्यांच्यासाठी. खरं तर एवढ्यात लेख संपला, पण लिहायचं काय हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा बराच खोल आहे.

मलाही हे सगळं आधी माहीत होतं असं अजिबात नाही. आमचा एक वाचनाचा ग्रुप आहे, त्यात एकदा भेटायची वेळ बदलली आणि कोणीतरी हौसेने रंगीत सूचना बनवून टाकली, फुलांची किनार, मधोमध मोठ्या अक्षरात नवी वेळ. आम्ही सगळ्यांनी खाली धडाधड अंगठे दिले. ग्रुपमधली एक मैत्रीण अंध आहे, ती जुन्याच वेळेला जाऊन दीड तास बसून राहिली. तिच्या फोनने तिला सांगितलं होतं "फोटो", आणि त्यापुढे अंगठा, अंगठा, अंगठा. ती चिडली नाही, फक्त म्हणाली, "तुम्ही सगळ्या नेमका कशाला अंगठा देत होतात गं?"

## पण अंध माणूस फोन वापरतो कसा?

स्क्रीन रीडरने. हा एक प्रोग्रॅम असतो, स्क्रीनवर जे लिहिलंय ते तो बोलून दाखवतो. आयफोनमध्ये तो व्हॉइसओव्हर नावाने 2009 पासून आतच येतो, अँड्रॉइडवर टॉकबॅक असतो, कॉम्प्युटरवर जॉज किंवा एनव्हीडीए. हा एनव्हीडीए ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन अंध मित्रांनी उभा केला, 2006 मध्ये सुरुवात झाली, आणि तो आजही फुकट मिळतो.

वापरायची पद्धत अशी, की बोट उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट ऐकू येते, डावीकडे सरकवलं की मागची, आणि जे हवंय ते दोनदा टॅप करून उघडायचं. मैत्रिणीचा फोन पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं बिघडलाय, इतका भरभर बोलत होता. सवय झालेली माणसं आवाज खूप वेगात ठेवतात, कारण तुम्ही-आम्ही पानावर नजर फिरवून जे दोन सेकंदात टिपतो ते त्यांना एकेक करत ऐकावं लागतं.

आणि फक्त ऐकूच येतं असंही नाही. ब्रेल डिस्प्ले नावाची एक पट्टी असते, तिच्यावर बारीक टाचण्या वर-खाली होतात आणि मजकूर बोटांना लागतो. ज्यांना दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही अशी माणसं हे वाचतात. मजकुराची हीच तर मजा आहे, एकदा शब्द लिहिले की त्यांचा आवाज होतो, ब्रेल होतं, मोठी अक्षरं होतात. फोटोचं तसं काही होत नाही.

## फोटो आला की स्क्रीन रीडर काय करतो?

अडतो. त्याच्या दृष्टीने फोटो म्हणजे बंद पाकीट, आत काय आहे त्याला माहीत नसतं. पाकिटावर जर कोणी चिठ्ठी लावली असेल तर ती तो वाचतो, ती चिठ्ठी म्हणजेच ऑल्ट टेक्स्ट, मराठीत सरळ चित्रवर्णन म्हणा. चिठ्ठी नसेल तर तो नुसतं "इमेज" म्हणून पुढे जातो, किंवा कधीकधी फाइलचं नावच वाचायला घेतो. "आय एम जी अंडरस्कोर दोन शून्य दोन चार शून्य सहा एक एक..." हे एका पानावर वीस वेळा ऐकून बघा.

याहून वाईट म्हणजे बटणं. हल्ली सगळीकडे नुसती चित्रांची बटणं असतात, भिंग म्हणजे शोधा, तीन आडव्या रेघा म्हणजे मेनू, कचऱ्याचा डबा म्हणजे डिलीट. त्यांना नाव दिलेलं नसेल तर ऐकू येतं "बटन. बटन. बटन." आता यातलं पैसे पाठवायचं कुठलं आणि रद्द करायचं कुठलं? इथे चित्रात काय आहे ते सांगून भागत नाही, त्या बटणाने काय होतं ते सांगावं लागतं. म्हणजे भिंगाच्या चित्राचं वर्णन "भिंग" नाही, "शोधा".

## हे नवीन फॅड आहे का?

अजिबात नाही, वेबवरच्या चित्रांच्याच वयाचं आहे जवळजवळ. वेबपानात चित्र घालायची खूण 1993 साली आली. तेव्हा बऱ्याच लोकांच्या कॉम्प्युटरवर नुसता मजकूरच दिसायचा किंवा नेट इतकं हळू असायचं की लोक चित्रं बंद करून ठेवायचे, म्हणून 'चित्र नसेल तर त्याजागी हे दाखवा' अशी सोय लागली आणि वेबपानं ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलच्या 1995 च्या 2.0 या आवृत्तीत ती अधिकृत झाली. ऑल्ट म्हणजे ऑल्टरनेट, पर्यायी. 1997 च्या एचटीएमएल 4.0 ने ती प्रत्येक चित्राला सक्तीची केली. डब्ल्यूथ्रीसी ही वेबचे नियम ठरवणारी संस्था, तिने 1999 मध्ये सगळ्यांना वेब वापरता यावं यासाठी नियमावली काढली आणि त्यातला अगदी पहिला नियम हाच होता. 2008 च्या आवृत्तीत तोच पहिला, 2023 च्या आवृत्तीतही तोच पहिला.

आणि तरी वेबएम नावाची संस्था दरवर्षी दहा लाख वेबसाइटचं पहिलं पान तपासते, तर त्यातल्या निम्म्याहून जास्त पानांवर वर्णन नसलेली चित्रं सापडतात. पंचवीस-तीस वर्षांनंतर!

कोर्टकचेऱ्याही झाल्यात. सिडनी ऑलिंपिकच्या वेळी ब्रूस मॅग्वायर या अंध माणसाने आयोजन समितीविरुद्ध तक्रार केली, की तुमच्या वेबसाइटवरच्या चित्रांना वर्णनं नाहीत आणि मला निकालांपर्यंत पोचता येत नाही. समितीचं म्हणणं होतं की हे सगळं करायला फार वेळ आणि फार पैसा लागेल. ऑस्ट्रेलियाच्या मानवाधिकार आयोगाने ऑगस्ट 2000 मध्ये त्याच्या बाजूने निर्णय दिला, आयोगाने सांगितलेलं समितीने पूर्ण केलं नाही, आणि शेवटी 20,000 ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यायची वेळ आली. युरोपात जून 2025 पासून ऑनलाइन दुकानं, बँका वगैरेंना कायद्यानेच असल्या गोष्टी कराव्या लागतात. असो, आपण काही बँक नाही, आपण फोटो टाकणारी माणसं, त्यामुळे आपल्या कामाचं बघू.

## मग लिहायचं काय?

इथे सगळे अडकतात, कारण वर्णन म्हटलं की आपल्याला शाळेतला निबंध आठवतो. चित्रात आहे नाही ते सगळं मोजून मांडायला लागतो, डावीकडे झाड, उजवीकडे खांब, वर ढग. तसं नाही करायचं.

फोनवर बोलताना आठवा. समोरचा म्हणतो "अरे माझं नेट बंद आहे, तू काय पाठवलंयस ते सांग ना." तेव्हा तुम्ही झाड-खांब-ढग सांगत नाही, ज्यासाठी फोटो पाठवला ते सांगता. रेडिओवर मॅच ऐकताना समालोचक मैदानातल्या गवताचं वर्णन करत बसत नाही, बॉल कुठे गेला ते सांगतो. गवताबद्दल तो कधी बोलतो? पाऊस पडून गवत ओलं झालंय आणि त्यामुळे बॉल हळू पळतोय तेव्हा.

एक फोटो घेऊ. पाऊस पडतोय, एक आजी पायऱ्यांशी उभी आहे, घोट्यापर्यंत पाणी. वरच्या पायरीवर एक कुत्रं बसलंय. आजीच्या हातात छत्री आहे, पण ती तिच्यापेक्षा कुत्र्यावरच जास्त धरलेली. मागे दोन गाड्या पाण्यात.

हा फोटो पावसाच्या बातमीत असेल तर लिहायचं, "रस्त्यावर घोटाभर पाणी, दोन गाड्या अडकून उभ्या, एक वयस्कर बाई पायऱ्यांच्या आधाराने थांबलेली." कुत्रं नाही आलं तरी चालेल. हाच फोटो कोणी 'माणुसकी' म्हणून शेअर करत असेल तर, "पावसात उभ्या आजीने छत्री पायरीवरच्या कुत्र्यावर धरलीय, तिचा स्वतःचा डावा खांदा आणि पदर चिंब भिजलाय." आता गाड्या गेल्या, पण खांदा आला, कारण खांद्यातच सगळी गोष्ट आहे. आणि छत्री विकणाऱ्याने टाकला असेल तर, "मोठ्या घेराची काळी छत्री, लाकडी वळलेली मूठ, एक माणूस आणि एक कुत्रा दोघं मावतील एवढी." (आजी अर्धी बाहेरच आहे हे तो सांगणार नाही, पण ते जाऊ दे.)

फोटो एकच आणि तिन्ही वर्णनं बरोबर. फोटोत काय आहे हे कोणीही बघून सांगेल, पण तो का टाकला हे टाकणाऱ्यालाच माहीत असतं. वर्णन त्या 'का'चं करायचं, आणि म्हणूनच ते टाकणाऱ्यानेच लिहायला हवं.

बाकी बारीकसारीक गोष्टी. "चा फोटो" असं लिहायची गरज नसते, स्क्रीन रीडर स्वतःच "इमेज" म्हणतो, मग "इमेज, मांजराचा फोटो" असं दोनदा होतं. हां, ते तैलचित्र असेल, व्यंगचित्र असेल किंवा स्क्रीनशॉट असेल तर मात्र सांगा, कारण तेव्हा ती माहिती असते. विनोदी चित्र असेल तर हशा आधी फोडू नका, ज्या क्रमाने डोळा जातो त्याच क्रमाने लिहा. आणि फोटोखाली आधीच जे लिहिलंय तेच परत चिकटवू नका, माणूस तेच वाक्य दोनदा ऐकतो आणि फोटोबद्दल त्याला काहीच कळत नाही.

## चित्रातच मजकूर असेल तर?

तर तो मजकूर जसाच्या तसा लिहायचा. इथे कंजुषी नको. सूचना, निमंत्रण, परीक्षेचं वेळापत्रक, कोणाचं तरी पत्र, असल्या चित्रात अक्षरं आपल्याला अक्षरं म्हणून दिसतात पण स्क्रीन रीडरला ते फुलांसारखंच एक चित्र असतं. "कार्यक्रमाची माहिती" असं वर्णन लिहिणं म्हणजे पाकिटावर 'आत पत्र आहे' असं लिहिण्यासारखं. तारीख, वेळ, ठिकाण, सगळं हवं. त्याहून सोपं म्हणजे ते मेसेजमध्येच टाइप करा, चित्र वरून शोभेला असू दे.

तक्ते आणि आलेख हा आणखी एक प्रकार. "विक्रीचा आलेख" एवढ्याने काही हाती लागत नाही. आलेख बघून तुम्हाला जे कळतं ते लिहा, म्हणजे "सहा महिने विक्री सपाट, मग पावसाळ्यात दुप्पट, नंतर परत खाली." आणि आकडे फार असतील तर ते खाली साध्या तक्त्यात द्या, सगळे आकडे एका दमात ऐकून कोणाच्या लक्षात राहणार आहेत.

## प्रत्येक चित्राला लिहायचं म्हणजे वैतागच की

प्रत्येकाला नाही. वेबपानावर नुसती नक्षी असते, रेघ असते, जागा भरायला टाकलेलं पान-फूल असतं, त्याला वर्णन नको असतं. वेबसाइट बनवणाऱ्यांनी तिथे ऑल्टची जागा ठेवून ती मुद्दाम रिकामी सोडायची, मग स्क्रीन रीडर गपचूप पुढे जातो. लक्षात घ्या, रिकामी ठेवणं आणि मुळात जागाच न ठेवणं यात फरक आहे. रिकामी चिठ्ठी म्हणते 'यात काही नाही, चल पुढे', आणि चिठ्ठीच नसेल तर बिचारा प्रोग्रॅम फाइलचं नाव वाचत सुटतो.

आणि लांबीचं म्हणाल तर बहुतेक फोटोंना एक-दोन वाक्यं पुरतात. एक्सवर (म्हणजे आधीच्या ट्विटरवर) 1000 अक्षरांपर्यंत लिहिता येतं म्हणून ती भरलीच पाहिजेत असं नाही.

## आता एआय करतंय ना हे सगळं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात, आणि खरंच एआयने फार मोठा फरक पडलाय, ते नाकारण्यात अर्थ नाही. 2016 मध्ये फेसबुकने आपोआप वर्णन द्यायला सुरुवात केली तेव्हा ते असं असायचं, की "चित्रात असू शकतं: दोन माणसं, हसणारी, बाहेर." बस. लग्न आहे का भांडण मिटलंय काही कळायचं नाही. आता तसं नाही. बी माय आइज नावाचं अॅप आहे, 2015 मध्ये डेन्मार्कमधून सुरू झालं, त्यात अंध माणूस व्हिडिओ कॉल लावतो आणि कुठला तरी अनोळखी स्वयंसेवक त्याला डब्यावर काय लिहिलंय ते वाचून दाखवतो. 2023 पासून त्यातच एआयही आलं आणि ते फोटोचं परिच्छेदभर वर्णन करतं, वर प्रश्न विचारले तर उत्तरंही देतं. मैत्रीण ते रोज वापरते, रात्री दोन वाजता कोणाला उठवावं लागत नाही हे तिला फार आवडतं.

पण दोन अडचणी आहेत. एक म्हणजे ते चुकतं, आणि चुकताना चाचरत नाही. औषधाच्या पट्टीवरची तारीख त्याला नीट दिसली नाही तरी ते ठणकावून एक तारीख सांगू शकतं, आणि ऐकणाऱ्याकडे ती पडताळायला डोळे नाहीत. म्हणजे ज्याला चूक पकडता येत नाही त्याच्याच हातात चुकणारं यंत्र दिलंय आपण. दुसरी अडचण वरच्या आजीची. एआय आजी, छत्री, कुत्रं, गाड्या सगळं सांगेल, कदाचित माझ्यापेक्षा छान सांगेल. पण ती माझी आजी आहे आणि तिला कुत्र्यांची आयुष्यभर भीती वाटायची हे त्याला कुठून कळणार? फोटो तर त्यासाठीच टाकला होता.

मी स्वतः काय करते, तर घाई असेल तेव्हा एआयकडून कच्चं वर्णन घेते, अर्धं खोडते, नावं आणि कारण घालते. ते चालतं. न वाचता तसंच चिकटवणं मला पटत नाही.

## जन्मापासून दिसत नाही त्याला रंग सांगून काय उपयोग?

हे विचारणारे बहुतेक चांगल्या मनाने विचारतात, की उगाच दुखवायला नको. पण सगळे अंध जन्मांध नसतात. दृष्टी कमी झालेल्यांत पन्नाशीच्या पुढची माणसंच जास्त आहेत, म्हणजे त्यांनी अर्धं आयुष्य रंग बघितलेत. बऱ्याच जणांना थोडं दिसतं, उजेड कळतो, आकार कळतात. आणि जन्मांध माणसालाही लाल रंग कुठे वापरतात, पांढऱ्याचा अर्थ काय, कोणते रंग एकत्र भडक दिसतात हे माहीत असतं, तो आपल्याच जगात राहतो. साडीचा रंग तिला सांगायलाच हवा, उद्या तिलाही कोणाला तरी तिच्या साडीबद्दल सांगायचं असतं.

माणसांचं वर्णन करताना मात्र जरा थांबावं. जे दिसतंय ते लिहा, जे गृहीत धरताय ते नको. "दुःखी बाई" यापेक्षा "खाली मान घालून बसलेली बाई", दुःख ऐकणारा ठरवेल. वर्ण, वय, कपडे, अपंगत्व हे त्या फोटोत मुद्द्याचं असेल तर लिहा, आणि लिहिलंत तर सगळ्यांचं लिहा, एकाचाच रंग सांगितला तर बाकीच्यांचा 'नॉर्मल' असं होतं.

## माझ्या ओळखीत कोणी अंध नाही

असेल की नाही ते तुम्हाला कळलं कसं? स्क्रीन रीडर वापरणाऱ्याच्या नावापुढे काही खूण नसते. 2020 च्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे 4.3 कोटी लोक अंध होते, आणि ज्यांना धूसर दिसतं ते तर कितीतरी जास्त. आणि तुम्ही टाकलेली गोष्ट तुमच्या ओळखीतच राहते असं थोडंच आहे. शिवाय नेट हळू असलं आणि फोटो उघडलाच नाही तर तेच शब्द डोळस माणसालाही दिसतात.

लिहायची जागा शोधायला अवघड नाही. एक्सवर फोटो निवडला की त्याच्यावरच 'ऑल्ट' दिसतं, इन्स्टाग्रामवर पोस्ट करण्याआधी सेटिंगमध्ये आत ढकललेलं असतं, थोडं शोधावं लागतं. जिथे सोयच नाही तिथे फोटोखाली साधं लिहून टाका, 'वर्णन:' असं करून. आणि जाता जाता, सजवलेली वळणदार इंग्रजी अक्षरं असतात ना, ती स्क्रीन रीडरला गणिताची चिन्हं वाटतात आणि तो एकेक चिन्हाचं लांबलचक नाव वाचत बसतो, नाहीतर सरळ गाळतो. इमोजीचंही तसंच, प्रत्येकाला नाव असतं आणि तुम्ही ओळीने दहा टाकलेत की तो दहाही वाचू शकतो, "हसून डोळ्यात पाणी आलेला चेहरा, हसून डोळ्यात पाणी आलेला चेहरा..." तोपर्यंत हसू कधीच आटलेलं असतं.

## आधीच्या हजारो फोटोंचं काय?

सोडून द्या. कोणीही मागे जाऊन दहा वर्षांचे फोटो लिहीत बसणार नाही आणि तसं कोणी सांगितलं तर सगळे घाबरून सुरुवातच करणार नाहीत. उद्याच्या फोटोपासून करा, आणि त्यातही आधी सूचना आणि माहितीवाले, कारण तिथे न लिहिल्याने माणूस दीड तास बसून राहतो.

आमच्या ग्रुपमध्ये आता वेळ नेहमी टाइप करून येते. फोटोंनाही वर्णनं येतात, काही फार लांब, काही एका शब्दाची. परवा मी आमच्या मांजराचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "करड्या रंगाचं मांजर खिडकीत बसलंय, कान ताठ, शेपूट खाली लोंबतेय." मला वाटलं बरं जमलं. दोन मिनिटांत मैत्रिणीचा मेसेज आला, "बाहेर बघतंय का तुझ्याकडे? ते लिहिलंच नाहीस."

बाहेर बघत होतं. कबूतर होतं समोर, ते फोटोत आलं नव्हतं.